गोल्डीलॉक्स आधी म्हातारी होती

सोनेरी केसांची एक लहान मुलगी, जंगलातलं घर, लापशीचे तीन वाडगे, तीन खुर्च्या, तीन पलंग आणि आई-बाबा-बाळ असं अस्वलांचं त्रिकोणी कुटुंब. आपल्याकडे बालवाडीत इंग्रजी गोष्टी ऐकलेल्या बहुतेक मुलांना ही गोष्ट चित्रांसकट पाठ असते. पण १८३७ साली ती पहिल्यांदा छापून आली तेव्हा तिच्यात ती मुलगीही नव्हती आणि ते कुटुंबही नव्हतं. घरात शिरली होती एक म्हातारी. अस्वलं होती तीन सडेफटिंग, एका घरात गुण्यागोविंदाने राहणारी.

म्हातारीची मुलगी झाली, सड्या अस्वलांचा संसार झाला आणि चांदीसारखे केस सोन्याचे झाले, हे सगळं पुढच्या ८० वर्षांत घडलं. त्यातले काही बदल लेखकांनी केले, काही संपादकांनी, आणि एक फार महत्त्वाचा बदल चित्रकारांनी शब्दांच्या आधीच करून टाकला. म्हणूनच या गोष्टीचा उगम शोधताना मजकुराइतकंच चित्रांकडेही पाहावं लागतं.

आधी १८३७ ची गोष्ट नीट पाहू.

ती लिहिली रॉबर्ट साउदीने. हा १८१३ पासून इंग्लंडचा राजकवी. आपल्या पुराणांवर बेतलेलं 'द कर्स ऑफ केहामा' हे दीर्घकाव्य लिहिणारा साउदी तो हाच. उत्तर इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमध्ये केसिक गावातल्या ग्रेटा हॉल या घरात तो राहायचा. घरात त्याची स्वतःची मुलं होती, शिवाय त्याचा साडू, कवी कोलरिज, याची बायको-मुलंही तिथेच असायची. म्हणजे गोष्ट ऐकायला श्रोत्यांची कमतरता नव्हती. 'द डॉक्टर' नावाचं एक अघळपघळ, गप्पा मारत पुढे जाणारं पुस्तक साउदीने १८३४ पासून खंडाखंडाने, स्वतःचं नाव न घालता छापायला सुरुवात केली. त्याच्या चौथ्या खंडात ही गोष्ट आहे. पुस्तक मोठ्यांसाठी होतं आणि या गोष्टीला एकही चित्र नव्हतं.

साउदीची अस्वलं सज्जन आहेत. थोडी आडदांड, कारण अस्वलंच ती, पण स्वभावाने चांगली आणि पाहुण्यांचं अगत्य करणारी. लापशी गरम आहे, तोंड भाजेल, म्हणून ती जरा निवेपर्यंत तिघं फिरायला जातात. दाराला कुलूप नाही, कारण आपण कुणाचं वाईट करत नाही तर आपलं कोण करणार, असा त्यांचा साधा हिशोब. म्हातारी येते ती आधी खिडकीतून डोकावते, मग किल्लीच्या भोकाला डोळा लावते, आणि घरात कुणी नाही असं पाहून कडी काढते. साउदी लगेच सांगतो: ही बाई चांगली असती तर अस्वलं येईपर्यंत थांबली असती, आणि त्यांनीच तिला न्याहारीला बसवलं असतं. ती लापशी चाखते, शिव्या देते. छोट्या वाडग्यातली लापशी आवडली तरी पोटभर नाही, म्हणून त्या वाडग्यालाही चार शब्द सुनावते. अस्वलांचे चमचे लाकडी होते. चांदीचे असते तर ते तिच्या खिशात गेले असते, हेही साउदी सांगून टाकतो.

मग खुर्च्या, मग पलंग. अस्वलं परततात. मोठं अस्वल ओरडतं ते झोपेतल्या म्हातारीला वाऱ्याच्या घोंघावण्यासारखं किंवा ढगांच्या गडगडाटासारखं वाटतं. मधल्याचं बोलणं स्वप्नात कुणी बोलल्यासारखं. पण सगळ्यात छोट्या अस्वलाचा आवाज इतका बारीक आणि तीक्ष्ण की ती खाडकन जागी होते. गोष्ट सांगणाऱ्याचं कसब इथे दिसतं. मोठ्या आवाजाने जे होत नाही ते छोट्या आवाजाने होतं, आणि ऐकणारं लहान मूल मनातून त्या छोट्याच्या बाजूला असतंच.

म्हातारी खिडकीतून उडी टाकते. खिडकी उघडी का, तर अस्वलं टापटिपीची. सकाळी उठल्यावर निजायच्या खोलीची खिडकी उघडायची हा त्यांचा रिवाज. आणि शेवट? पडून तिची मान मोडली, की ती जंगलात हरवली, की जंगलातून बाहेर पडल्यावर कॉन्स्टेबलने तिला भटकी म्हणून पकडून सुधारगृहात टाकलं, ते मला सांगता येत नाही, असं म्हणून साउदी थांबतो. अस्वलांना ती पुन्हा कधी दिसली नाही, एवढंच.

आपल्याला भोपळ्यात बसून लेकीकडून घरी परतणारी म्हातारी ठाऊक आहे, आणि तिला अस्वल भेटलं तरी आपण कायम तिच्या बाजूने असतो. साउदीच्या म्हातारीला अशी माया मिळत नाही. ती मळकट आहे, बेघर आहे, आणि बेघर असणं हाच त्या काळी गुन्हा होता. १८२४ च्या भटक्यांविषयीच्या कायद्याने उघड्यावर झोपणाऱ्या, भीक मागणाऱ्या माणसाला तुरुंगात घालता येत असे. १८३४ च्या गरिबांविषयीच्या नव्या कायद्याने मदत हवी असेल तर वर्कहाउसमध्ये, म्हणजे गरिबांना कामाला जुंपून ठेवायच्या सरकारी घरात, राहण्याची सक्ती आणखी कडक केली. गोष्टीतला कॉन्स्टेबल आणि ते सुधारगृह नुसतं गोष्टीपुरतं रचलेलं नाही. वाचणाऱ्याच्या रस्त्यावर ते रोज दिसत होतं. मला या गोष्टीत सगळ्यात जास्त टोचतं ते हेच. भुकेल्या, थकलेल्या म्हातारीला पलंगावर झोप लागते आणि साउदी लिहितो की लोड लोडाच्या जागी होता, उशी उशीच्या जागी होती, फक्त तिचं मळकं डोकं मात्र जागच्या जागी नव्हतं, कारण तिथे तिचं काही कामच नव्हतं.

अस्वलांचं सभ्य असणंही त्या काळाच्या पार्श्वभूमीवर पाहण्यासारखं आहे. ब्रिटनच्या जंगलातून अस्वलं कित्येक शतकांपूर्वीच नाहीशी झाली होती. तिथल्या लोकांनी अस्वल पाहिलं ते साखळीने बांधलेलं, त्याच्यावर कुत्रे सोडून चाललेल्या खेळात. त्या क्रूर खेळावर कायद्याने बंदी आली १८३५ साली. दोनच वर्षांनी छापलेल्या या गोष्टीत अस्वलं घरमालक आहेत आणि घुसखोर आहे माणूस.

चित्र नसलं तरी साउदीने एक गंमत केली होती, आणि ती छापखान्यातली होती. मोठ्या अस्वलाचं बोलणं जाडजूड, मोठ्या गॉथिक वळणाच्या खिळ्यांत, मधल्याचं मध्यम आकारात आणि छोट्याचं अगदी बारीक तिरप्या अक्षरांत. मोठ्याने वाचणाऱ्याला पानाकडे नजर टाकताच आवाज कुठे चढवायचा आणि कुठे उतरवायचा ते कळावं. आजही या गोष्टीच्या बहुतेक सचित्र पुस्तकांत तीन आवाज तीन आकारांच्या अक्षरांत असतात. तो मान साउदीचा आणि त्याचे खिळे जुळवणाऱ्या अनाम कारागिरांचा.

आता मुख्य प्रश्न. ही गोष्ट साउदीने रचली का?

अनेक वर्षं उत्तर 'हो' असंच होतं. जोसेफ जेकब्ज हा लोककथांचा मोठा संग्राहक. तो जन्माने ऑस्ट्रेलियातला, पण इंग्लंडमध्ये स्थायिक झालेला. भारतीय कथांचाही एक संग्रह त्याने केला आहे. त्याने १८९० मध्ये इंग्लिश परीकथांचं पुस्तक काढलं, त्यात साउदीची ही गोष्ट घेतली आणि नोंदवलं की एका विशिष्ट लेखकाने लिहिलेली गोष्ट पुढे लोककथा झाली, असं त्याला माहीत असलेलं हे एकमेव उदाहरण.

चारच वर्षांत त्याला हे मत बदलावं लागलं. त्याच्या पुस्तकांची चित्रं काढणारा जॉन बॅटन याने एका बाईंकडून ऐकलेली गोष्ट त्याला आणून दिली. त्या बाईंनी ती आपल्या आईकडून ऐकली होती. जेकब्जने ती १८९४ च्या दुसऱ्या संग्रहात छापली. हिच्यात अस्वलं तीनच, पण राहतात वाड्यात, आणि घरात शिरतो 'स्क्रेपफूट' नावाचा कोल्हा. लापशीऐवजी दूध. खुर्च्या आणि पलंग तेच. पकडल्यावर मोठं अस्वल म्हणतं याला फाशी देऊ, मधलं म्हणतं बुडवू, छोटं म्हणतं खिडकीतून फेकून देऊ. मग दोघं मिळून त्याला पायांना धरून झोका देतात आणि बाहेर भिरकावतात. खाली पडलेला कोल्हा आधी एक पाय झटकून बघतो, मोडला नाही. मग दुसरा, तिसरा, चौथा. मग शेपूट हलवून बघतो, आणि सगळं शाबूत आहे म्हटल्यावर धूम ठोकतो. ऐकणाऱ्या मुलाने इथे स्वतःचे हातपाय झटकून बघावेत, अशीच ही रचना आहे. जेकब्जची खात्री पटली की कोल्ह्याची गोष्ट हीच मूळ, आणि म्हातारी नंतरची.

इथे जरा थांबून एक गोष्ट समजून घ्यायला हवी, कारण लोककथांच्या उगमाबद्दलची निम्मी भांडणं इथूनच सुरू होतात. एखादी गोष्ट कागदावर कधी उतरली आणि ती तोंडी कधीपासून चालत आली, या दोन वेगळ्या तारखा असतात. पहिली शोधता येते. दुसरीचा फक्त अंदाज बांधता येतो. कोल्ह्याची गोष्ट साउदीनंतर ५७ वर्षांनी छापली गेली, म्हणून ती नवी ठरत नाही. एखाद्या घरात आजीकडून नातीकडे जुनं रूप जसंच्या तसं टिकून राहू शकतं. पण उलटंही होऊ शकतं. साउदीची गोष्ट इतकी लोकप्रिय झाली होती की कुणीतरी म्हातारीच्या जागी कोल्हा घालून ती मुलांना सांगितली असेल. केवळ गोष्ट वाचून यातलं खरं काय ते ठरवता येत नाही. त्यासाठी साउदीच्या आधीचा कागद सापडायला हवा.

तो सापडला १९५१ साली, कॅनडात.

इंग्लंडमधल्या डर्बीशरचे ग्रंथपाल एडगर ऑस्बोर्न यांनी जुन्या बालपुस्तकांचा आपला मोठा संग्रह टोरोंटोच्या सार्वजनिक ग्रंथालयाला दिला होता. त्यात हाताने केलेली एक वही होती. एलिनॉर म्यूर या बाईंनी आपल्या लहानग्या भाच्याला, होरेस ब्रोकला, वाढदिवसाची भेट म्हणून ती तयार केली होती. गोष्ट पद्यात, अक्षर त्यांचंच, चित्रंही त्यांनीच रंगवलेली. तारीख २६ सप्टेंबर १८३१. साउदीच्या छापील गोष्टीच्या सहा वर्षं आधीची.

म्हणजे आज ज्ञात असलेली या गोष्टीची सगळ्यात जुनी प्रत हे एक चित्रपुस्तकच आहे, एका मावशी-आत्याने एकाच मुलासाठी केलेलं. मला ही गोष्ट फार आवडते.

त्या वहीच्या शीर्षकात म्यूर यांनी तिला 'प्रसिद्ध बालकथा' म्हटलं आहे. हा छोटासा शब्दप्रयोग पुराव्याच्या दृष्टीने फार मोलाचा. १८३१ मध्येच ती घराघरात माहीत असल्याशिवाय कुणी तिला प्रसिद्ध म्हणणार नाही. शिवाय साउदी स्वतः ही गोष्ट १८१३ पासून ओळखीच्यांना सांगत होता, हेही ठाऊक आहे. ती त्याने बहुधा आपल्या मामाकडून ऐकली. त्याच्या आईचा सावत्र भाऊ विल्यम टायलर लिहिणं-वाचणं न शिकलेला, जगाच्या दृष्टीने थोडा मंद, पण जुन्या म्हणी आणि गोष्टी त्याच्या तोंडात अखंड. राजकवी म्हणून गाजलेल्या माणसाचं आज सर्वांत जास्त वाचलं जाणारं लिखाण एका निरक्षर मामाकडून आलेलं असावं, हे मला मनापासून पटतं.

म्यूर यांच्या गोष्टीतही घुसखोर म्हातारीच आहे, पण तिचा राग निराळा. जंगलाला कंटाळलेली तीन अस्वलं वस्तीत घर घेतात. म्हातारी रीतसर भेटायला जाते, तर ती तिला दारातूनच वाटेला लावतात. म्हणून म्हातारी चिडून, अस्वलं बाहेर गेल्यावर, घरात शिरते. इथेही दूध आहे, लापशी नाही. आणि शेवट भलताच आहे. अस्वलं तिला आगीत टाकतात, ती जळत नाही. पाण्यात टाकतात, ती बुडत नाही. शेवटी तिला उचलून थेट लंडनच्या सेंट पॉल चर्चच्या शिखरावर फेकतात.

आता स्क्रेपफूट आठवा. तिथे फाशी, पाणी, खिडकी. इथे आग, पाणी, शिखर. तीन अस्वलं, दूध, तीन शिक्षा, तिसऱ्या शिक्षेत फेकून देणं. वही टोरोंटोत सापडेपर्यंत जेकब्जचा कोल्हा एकटा होता. आता त्याला जुना साक्षीदार मिळाला. एकाच मुळातून फुटलेल्या दोन फांद्या असाव्यात असं हे दिसतं, आणि साउदीने त्यातली शिक्षा काढून तिथे उडी आणि कॉन्स्टेबल आणला. कोल्हा आधी की म्हातारी आधी, हे मात्र वहीनेही सुटत नाही.

मागे अजून कुठवर जाता येतं? ग्रिम बंधूंच्या १८१२ च्या संग्रहात स्नो व्हाइट बुटक्यांच्या रिकाम्या घरात शिरते, प्रत्येकाच्या ताटलीतलं थोडं थोडं खाते, एकेक पलंग बघते, झोपते. आणि परतल्यावर सात जण विचारतात, माझ्या खुर्चीवर कोण बसलं, माझ्या ताटातलं कुणी खाल्लं. साम्य डोळ्यांत भरण्यासारखं आहे. पण ग्रिमच्या गोष्टी इंग्रजीत आल्या १८२३ मध्ये, आणि साउदी त्याच्या दहा वर्षं आधीपासून अस्वलांची गोष्ट सांगत होता. नॉर्वेतही एक कथा आहे: राजकन्या गुहेत आसरा घेते, ती गुहा अस्वलांची कातडी पांघरणाऱ्या तीन रशियन राजपुत्रांची निघते, आणि ती त्यांचं खाऊन पलंगाखाली लपते. 'आपल्या घरात कुणीतरी येऊन गेलंय' ही भावना इतकी जुनी आणि सगळीकडची आहे की अशा गोष्टी वेगवेगळ्या देशांत आपापल्याही उगवू शकतात.

पुढचा टप्पा १८४९ चा. जोसेफ कंडॉल हा मुलांच्या पुस्तकांचा लेखक-प्रकाशक. त्याने आपल्या संग्रहात साउदीची गोष्ट घेतली आणि म्हातारीच्या जागी 'सिल्व्हर-हेअर' नावाची लहान मुलगी आणली. प्रस्तावनेत त्याने कारणं सरळ सांगितली: एक तर ही गोष्ट लोकांना सिल्व्हर-हेअरच्या नावानेच जास्त माहीत आहे, आणि दुसरं, म्हाताऱ्या बायकांच्या गोष्टी आधीच खूप झाल्यात. पहिल्या कारणावरून कळतं की तोंडी सांगण्यात हा बदल बहुधा त्याच्याही आधी झाला होता. केस चंदेरी का? माझा अंदाज असा की ते म्हातारीचेच पिकलेले केस असावेत. माणूस बदललं, केस मागे राहिले.

या एका बदलाने गोष्टीचा तोल पालटला. भटकी म्हातारी घुसली तर तो अपराध असतो. लहान मूल घुसलं तर तो खोडकरपणा ठरतो. वाचणारं मूलही आता छोट्या अस्वलाऐवजी त्या मुलीच्या डोळ्यांनी घर बघायला लागलं: हे गरम, हे गार, हे बरोबर. १९७६ साली बालकथांवर लिहिताना मानसतज्ज्ञ ब्रुनो बेटेलहाइम यांनी तक्रार केली की या नायिकेत काही बदल होत नाही, ती काही शिकत नाही, नुसती पळून जाते. तक्रार रास्त आहे, पण तिचं उत्तर गोष्टीच्या इतिहासात आहे. ही जागा नायिकेची नव्हतीच. खलनायिकेच्या रिकाम्या झालेल्या जागेवर एका मुलीला बसवलं गेलं, आणि तिच्या वाट्याला पळून जाण्याचाच शेवट आला.

अस्वलांचं कुटुंब होणं हे काम मात्र चित्रकारांचं. १८५२ च्या एका आवृत्तीत मजकूर जुनाच आहे, तीन सडी अस्वलं. पण चित्रांत पहिल्यांदाच एक कुटुंब दिसतं. चित्रकाराने शब्दांना न विचारता संसार थाटून दिला. मग मजकूर हळूहळू चित्रामागे गेला. १८५८ च्या एका आवृत्तीत दोन मोठी अस्वलं भाऊ-बहीण आहेत आणि छोटं त्यांचा मित्र. १८६० च्या सुमारास एकदाचे बाबा, आई आणि बाळ असे शब्द छापले गेले. उलटाही प्रकार झाला: १८६७ च्या सुमाराच्या एका पुस्तकात मजकुरात आई आहे, तर चित्रांतली तिन्ही अस्वलं पुरुषी! प्रकाशकाने जुनीच चित्रं वापरली असतील, किंवा चित्रकाराला साउदीचीच गोष्ट पाठ असेल.

याच काळात संपादकांनी साउदीच्या वाक्यांचीही साफसफाई केली. मूळ गोष्टीत खुर्चीचा तळ निसटतो आणि पाठोपाठ म्हातारीचा 'तळ'ही जमिनीवर आपटतो. मुलं ज्या वाक्याला हमखास खिदळणार ते हे. व्हिक्टोरियन सभ्यतेला ते चालेना, म्हणून तिथे 'ती खाली पडली' एवढंच ठेवलं गेलं.

चित्रांना एवढी सत्ता का मिळाली, हे त्या वेळच्या छपाईत पाहिलं की समजतं. आधी मुलांच्या पुस्तकांतली चित्रं काळ्या रेघांची असायची आणि रंग हवा असेल तर तो हाताने भरला जायचा. १८६० च्या दशकात लंडनच्या एडमंड इव्हान्ससारख्या छापणाऱ्यांनी लाकडी ठोकळ्यांवरून रंगीत छपाई स्वस्त आणि देखणी केली. चित्रकाराचं रेखाटन आधी एका ठोकळ्यावर कोरायचं. त्याचा काळा छाप काढून चित्रकाराकडे पाठवायचा. त्याने त्यावर रंग भरून परत द्यायचा. मग प्रत्येक रंगासाठी वेगळा ठोकळा कोरायचा आणि तोच कागद एकेका ठोकळ्याखालून परत परत काढायचा. कागद केसभर सरकला तरी अस्वलाचा तांबूस रंग रेघेबाहेर सांडणार. इव्हान्सबरोबर काम करणाऱ्या वॉल्टर क्रेनने १८७० च्या दशकात 'तीन अस्वलं' अशाच सहा पेनीच्या टॉय बुकसाठी रंगवली. या पुस्तकात मजकूर थोडा आणि चित्रं पानभर. गोष्ट मोठ्यांच्या पुस्तकातून निघून, अक्षर न ओळखणाऱ्या मुलाच्या हातात गेली. अशा मुलासाठी गोष्ट म्हणजे पानावर जे दिसतं ते. आणि पानावर आई, बाबा, बाळ दिसत होते.

नावं मात्र बराच काळ डळमळत होती. सिल्व्हर-हेअर, सिल्व्हर-लॉक्स, १८६८ च्या सुमारास गोल्डन हेअर, आणि 'गोल्डीलॉक्स' हे नाव या गोष्टीला पक्कं चिकटलं ते १९०४ च्या आसपास. चंदेरी केसांचे सोनेरी का झाले याचं लिखित कारण कुणी दिलेलं नाही. रंगीत छपाईचा काळ पाहता, पिवळे केस पानावर चांगले उठून दिसतात हे एक कारण असावं असं मला वाटतं.

या नावाला भारताशी जोडणारा एक धागाही आहे. १९१८ साली फ्लोरा ॲनी स्टील यांनी इंग्लिश परीकथांचा संग्रह काढला, त्याला आर्थर रॅकमची चित्रं होती, आणि त्यात गोल्डीलॉक्स याच नावाने आहे. या स्टील बाई १८६७ पासून २२ वर्षं भारतात, मुख्यतः पंजाबात राहिल्या. तिथे खेडोपाडी गोष्टी गोळा केल्या. त्यांच्या पंजाबी कथांच्या १८९४ च्या पुस्तकातली चित्रं जॉन लॉकवुड किपलिंगची. हा किपलिंग १८६५ ते १८७५ मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकवत होता. क्रॉफर्ड मार्केटच्या दर्शनी भागावरची दगडी शिल्पं त्याचीच. तोंडी गोष्ट ऐकून, तिचा बाज न मोडता कागदावर कशी उतरवायची, याचा सराव स्टील बाईंना पंजाबात झाला होता, आणि तो त्यांच्या इंग्लिश कथांतही जाणवतो.

त्यांची गोल्डीलॉक्स आईने काही कामाला पाठवलेली मुलगी आहे, आणि किल्लीच्या भोकातून डोकावते कारण तिला नीट वळण लागलेलं नाही. शेवटचं वाक्य जवळजवळ साउदीचंच: मान मोडली, की जंगलात हरवली, की... आणि इथे कॉन्स्टेबल आणि सुधारगृह गायब. त्याऐवजी, काम टाकून भटकली म्हणून घरी मार बसला, की काय झालं ते कुणाला ठाऊक नाही. म्हातारीच्या शिक्षेचं काम सरकारकडे होतं. मुलीचं ते घरच्यांकडे आलं. आजच्या पुस्तकांत तर ती बहुधा माफी मागते, किंवा छोट्या अस्वलाशी तिची गट्टी जमते.

रशियात याच गोष्टीने वेगळीच वाट धरली. लिओ टॉलस्टॉयने यास्नाया पोल्याना इथल्या आपल्या जमिनीवर शेतकऱ्यांच्या मुलांसाठी शाळा चालवली होती, आणि मुलांना वाचायला शिकवण्यासाठी त्याने छोट्या छोट्या गोष्टींची पुस्तकं लिहिली. १८७५ मध्ये त्यांत 'तीन अस्वलं' आली. मुलगी बिननावाची, आणि ती घुसखोर नाही. जंगलात वाट चुकलेली आहे. नावं आहेत ती अस्वलांना, आणि तीही वडीलधाऱ्या माणसांना घ्यावीत तशी, आदराची: मिखाइल इवानिच, नस्तास्या पेत्रोवना आणि त्यांचा छोटा मिशुत्का. लापशीच्या जागी रशियन घरातलं पातळ सूप, आणि छोट्याचा वाडगा निळा. मुलगी झोपलेली सापडल्यावर मिशुत्का 'पकडा, पकडा' म्हणून ओरडतो आणि तिला चावायला धावतो. ती खिडकीतून उडी मारून पळते. १९३५ मध्ये युरी वास्नेत्सोव्हने या गोष्टीची चित्रं काढली, फुलाफुलांच्या नक्षीची, लोककलेतल्या भडक रंगांची, आणि तेव्हापासून कित्येक रशियन घरांत ही गोष्ट त्यांच्याच जंगलातली, त्यांच्याच आजीची म्हणून सांगितली जाते.